अभ्यासिकेत दुपारची झोप : किती, कधी आणि टिनाखाली कशी?

पांदणवाट

मंडळी, गावच्या अभ्यासिकेचा प्रश्न आहे. तीस-बत्तीस पोट्टे-पोट्टी रोज बसतात. निम्मे पोलीस भरतीचे, बाकी तलाठी-एमपीएससीवाले आणि पाच-सहा बारावी-नीटचे. भरतीवाले पहाटे साडेचारला मैदानावर असतात. जेवून एक वाजता परत आले की दोनपर्यंत अर्धी खोली पुस्तकावर डोकं टेकवून असते.

समितीतली वडीलधारी मंडळी म्हणतात, झोपायचं तर घरी जा. माझं मत असं की झोप येणारच आहे तर तिला वेळ ठरवून द्यावी. बैठकीत ठराव मांडायचा आहे, म्हणून नेमकं सांगा. किती मिनिटं, किती वाजता, जेवणानंतर किती वेळानं? आणि उन्हाळ्यात पारा ४४ वर गेला की टिनाखाली काय करायचं?

निशाचर

पांदणवाट भाऊ, समितीला आधी हे सांगा की दुपारची पेंग नुसती जेवणामुळे येत नाही. उपाशी माणसालाही एक ते चारच्या दरम्यान ती येते. झोपेमागे दोन गोष्टी काम करतात, ही मांडणी स्वित्झर्लंडचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. पहिली म्हणजे जागेपणाचं ओझं. मेंदू जितका वेळ जागा, तितका त्यात अ‍ॅडिनोसिन हा पदार्थ साचतो आणि झोपेत तो उतरतो. दुसरं म्हणजे शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ, जे दिवसा आपल्याला जागं धरून ठेवतं. दुपारी ओझं बरंच वाढलेलं असतं आणि घड्याळाचा संध्याकाळचा जोर अजून लागलेला नसतो. त्या फटीत डोळा लागतो. वरण-भातानं पोट तुडुंब भरलं तर फट रुंदावते एवढंच.

आता मिनिटांचं. डोळा लागला की आधी हलकी पहिली पायरी, काही मिनिटांत दुसरी. दुसऱ्या पायरीत मेंदूच्या आलेखावर सेकंदाला १२ ते १५ वेळा थरथरणाऱ्या लहरींचे छोटे पुंजके दिसतात. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते, टकळीवर सूत भरल्यावर दिसते तसे. म्हणूनच त्यांना स्पिंडल हे नाव पडलं. वाचलेलं पक्कं होण्याशी या पुंजक्यांचा जवळचा संबंध आहे. साधारण वीस-पंचवीस मिनिटांनंतर गाढ झोप सुरू होते, आणि तिच्यातून कुणाला हलवून उठवलं की डोकं पंधरा मिनिटं ते अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ जड राहतं. दुपारी झोपल्यावर अभ्यासच होत नाही ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. झोप चुकीच्या जागी तुटलेली असते.

ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठातल्या ब्रूक्स आणि लॅक यांनी २००६ मध्ये ५, १०, २० आणि ३० मिनिटांच्या झोपा शेजारी ठेवून तपासल्या. भाग घेणारे आदल्या रात्री पाचेक तासच झोपलेले होते. पाच मिनिटांनी फारसं काही मिळालं नाही. दहा मिनिटांच्या झोपेनंतर उठल्याबरोबर तरतरी आली आणि ती अडीच तासांपर्यंत टिकली. तीस मिनिटांवाले उठल्यावर आधी सुस्तावले, फायदा नंतर दिसला. लक्षात घ्या, ही मोजणी डोळा लागल्यापासूनची आहे. आडवं पडल्यापासून झोप लागायला पाच ते दहा मिनिटं जातात. म्हणून गजर २५ मिनिटांचा लावा, २० चाही चालेल. चाळीसचा मात्र लावू नका, ती सगळ्यात वाईट जागा.

भरती_२१

दादा, आम्ही साडेचारला उठून १६०० मीटर मारून येतो. वीस मिनिटांत काय होते? सरळ दीड तास झोपलं तर?

निशाचर

दीड तास हा वेगळा प्रकार आहे आणि तुमच्यासाठी तो चुकीचाही नाही. ९० मिनिटांत हलकी, गाढ आणि स्वप्नांची अशी झोपेची एक फेरी जवळजवळ पूर्ण होते. फेरी संपता संपता उठलात तर डोकं कमी जड राहतं. सारा मेडनिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नजरेनं फरक ओळखण्याच्या सरावावर प्रयोग केला. ६० ते ९० मिनिटांच्या दुपारच्या झोपेत गाढ आणि स्वप्नांची अशा दोन्ही पायऱ्या आल्या, तेव्हा त्या सरावात रात्रभराच्या झोपेइतकी सुधारणा दिसली.

पण दीड तासाची किंमत आहे. जागेपणाचं ओझं एवढं उतरतं की रात्री दहाला झोप येत नाही, साडेअकरा वाजतात, आणि साडेचारला गजर ठरलेलाच. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा दीड तास. हे चक्र सुरू झालं की दुपारची झोप रात्रीची झोप खात जाते. १३ ते १८ वयाला चोवीस तासांत ८ ते १० तास झोप लागते, मोठ्यांना किमान ७. रात्री साडेनऊला अंथरुणावर पडत असाल तर दुपारी २५ मिनिटं पुरतात. रात्री शेतात ओलिताची पाळी असेल, थ्री फेज लाइट रात्रीच येत असेल, तर त्या दिवशी दुपारी ९० मिनिटं जरूर घ्या, आणि ती जागरणाच्या आधी घ्या. जागरण झाल्यावर झोपून भरून काढण्यापेक्षा आधी घेतलेली झोप त्या रात्री जास्त कामाला येते. मोटार सुरू करायला अंधारात विहिरीवर जाणाऱ्याचा डोळा आणि हात शाबूत हवेत.

वेळ घड्याळावरून ठरवू नका, उठण्यावरून ठरवा. उठल्यापासून सात-आठ तासांनी झोप सगळ्यात सहज लागते. साडेचारला उठणाऱ्याची वेळ साडेअकरा ते साडेबारा, सहाला उठणाऱ्याची एक ते दोन. तीननंतर कुणीच नको.

संत्राबाग

शिकवण्याच्या बाजूनं लिहितो, कारण झोपेच्या आधी काय वाचलं यावर निम्मा फायदा ठरतो.

सिंगापूरमध्ये कझिन्स आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा प्रयोग समितीसमोर ठेवा. विद्यार्थ्यांना मुंग्या आणि खेकड्यांच्या प्रजातींची बारीकसारीक माहिती शिकवली. नीटचं जीवशास्त्र असतं तशीच घोकायची माहिती. मधे एक तास मिळाला. एका गटानं त्या तासात झोप घेतली, दुसऱ्यानं तेच पुन्हा घोकलं, तिसऱ्यानं नुसती विश्रांती घेतली. त्याच दिवशीच्या चाचणीत झोपलेले आणि घोकलेले दोघेही विश्रांतीवाल्यांच्या पुढे होते. आठवड्यानं पुन्हा विचारलं तेव्हा घोकणाऱ्यांची आघाडी उरली नव्हती, झोपलेल्यांची टिकली होती. दुपारचा तास वाया जातो म्हणणाऱ्यांना याहून सरळ उत्तर माझ्याजवळ नाही.

कॅलिफोर्नियात मँडर, वॉकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दुसरी बाजू दाखवली. दिवस चढतो तशी नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची ताकद उतरते, आणि दुपारी झोप घेतलेल्यांची ती परत भरून येते. किती भरून येते ते स्पिंडलच्या संख्येशी जुळत होतं. म्हणजे झोप दोन्हीकडून कामाची आहे, आधीचं पक्कं करायला आणि पुढचं घ्यायला.

वहीत हे असं उतरतं. जेवणाआधीच्या पाऊण तासात पाठांतराचा भाग घ्या, राज्यघटनेची कलमं, जिल्ह्यांची माहिती, इंग्रजी शब्द किंवा जीवशास्त्राची नावं. झोपायच्या आधी पाच मिनिटं पुस्तक मिटून कोऱ्या पानावर आठवेल तेवढं उतरवा आणि चुकलेल्या जागी गोल करा. मग फोन न उघडता आडवं व्हा. बहुतेकांचं बिनसतं ते इथं. पाच मिनिटांचे रील्स पंधरा होतात, डोळ्यांसमोर पन्नास नवीन चित्रं जातात आणि झोपही लांबते. उठल्यावर पहिलं काम म्हणजे तेच पान आणि गोल केलेल्या जागा. नवीन धडा त्यानंतर. गणितं आणि बुद्धिमत्ता चाचणी उठल्यापासून अर्ध्या तासानं काढा, कारण डोकं जड असेपर्यंत आकडेमोडीत चुका होतात आणि पोरगं समजतं की आपल्याला गणित जमत नाही.

पळसफूल

मुलींचं कुणी लिहिलं नाही. अभ्यासिकेत एकच हॉल असेल तर मुली सतरंजीवर आडव्या होणार नाहीत. तुम्ही कितीही ठराव करा. घरी गेल्या तर भांडी, पाणी, लहान भावंडं. झोप मिळत नाही आणि परत यायला तीन वाजतात. ठरावात मुलींसाठी आतून कडी लागणारी वेगळी खोली लिहा. नसेल तर वेळ वेगळी करा, मुलींना पाऊण ते सव्वा हॉल पूर्ण द्या आणि मुलांनी त्या वेळात बाहेर जेवावं.

आणि टेबलावर झोपायची वेळ आलीच तर कसं झोपायचं तेही सांगा, कारण बहुतेकींना तेच करावं लागेल.

निशाचर

पळसफूल ताई, बरोबर बोललात, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

बसून झोप लागायला आडवं होण्यापेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून टेबलावर गजर ३० मिनिटांचा लावा. कपाळ थेट मनगटावर ठेवू नका. हाताच्या नसा दाबल्या जातात आणि उठल्यावर बोटांना मुंग्या येतात, कधी मनगट थोडा वेळ उचलतच नाही. दप्तर आडवं ठेवा, त्यावर दुपट्ट्याची चार पदरी घडी, त्यावर गाल. हात दप्तराच्या दोन्ही बाजूंनी सैल. खुर्ची टेबलाला चिकटवा म्हणजे कंबर ताणत नाही. पाय जमिनीला टेकलेले असावेत, नसतील तर खाली दोन विटा. दुपट्ट्याचं टोक डोळ्यांवर घ्या, नाक मोकळं ठेवा.

हिरडा

वैद्यकीच्या बाजूनं. समितीतले जुने लोक म्हणतील की आयुर्वेदात दिवसा झोपणं वर्ज्य आहे. अर्धंच खरं आहे ते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात दिवास्वापाचा विचार येतो. उन्हाळ्यात रात्री लहान आणि शरीर रुक्ष होतं, म्हणून ग्रीष्मात दिवसा झोपायला मोकळीक आहे. इतर ऋतूंत कफ-पित्त वाढतं म्हणून मनाई. पण त्याच अध्यायात सर्व ऋतूंत दिवसा झोपू शकणाऱ्यांची यादी दिली आहे, त्यात अध्ययनानं शिणलेले आणि चालून थकलेले दोघेही येतात. तुमची अभ्यासिका त्या यादीतच बसते. बसल्या बसल्या घेतलेली डुलकी रुक्षही नाही आणि जडही नाही, असंही तिथं म्हटलं आहे.

वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पडणं. जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर आम्ल वर घशाकडे कमी येतं. जेवल्याबरोबर उताणं पडलं की छातीत जळजळ, आणि मग दोष झोपेला. जेवण आणि झोपेत किमान वीस मिनिटं ठेवा, तेवढ्यात हात धुणं आणि शतपावली होते. दुपारच्या डब्यात भात निम्मा करा, भाकर आणि वरण-भाजी ठेवा. तर्रीचा रस्सा आणि ठेचा रात्री खा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी.

टिनपत्रा

उन्हाचं मी सांगतो, टिन बसवण्याचंच काम आहे माझं.

टिन आणि स्लॅब यांचा स्वभाव उलटा आहे. टिन उन्हासरशी तापतं आणि दिवस मावळला की लवकर निवतं. स्लॅब उष्णता सावकाश पितो आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. म्हणून दुपारी एकच्या झोपेला स्लॅबची खोली बरी, जाड मातीच्या भिंतीची त्याहून बरी. समाजमंदिर किंवा जुन्या शाळेची खोली दुपारी रिकामी असेल तर एप्रिल-मे तिकडेच झोपा आणि अभ्यास इकडे करा.

टिनाखालीच झोपायचं असेल तर मार्चमध्येच वरून चुन्याचे दोन हात द्या, चुन्यात चिकटपणासाठी डिंक किंवा फेविकॉल टाका, नाहीतर पहिल्याच वादळी पावसात उतरतो. आतून टिनाच्या हातभर खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत बांधा. मधली हवा अडते आणि टिनाची धग थेट अंगावर येत नाही. टिनावर पऱ्हाट्या-तुराट्या रचू नका, ठिणगीसरशी पेटतात.

कुलर. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून कुलर चालतो. तोच कुलर जुलैत लावला तर अंग चिकचिक होतं, कारण हवा आधीच ओली असते. तेव्हा पाणी बंद, नुसता पंखा. बहुतेक ठिकाणी चूक होते ती खिडकीची. कुलर लावून दार-खिडक्या बंद करतात, खोली दमट होते आणि कुलर काम करत नाही म्हणून ओरड. कुलरच्या समोरच्या भिंतीची खिडकी वीतभर उघडी हवीच, हवा बाहेर गेली तरच गार हवा आत येते. वाळ्याच्या ताट्या दर उन्हाळ्याला बदला. क्षार बसलेल्या ताट्यांतून पाणी नीट पसरत नाही. दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून पुसा, डासांची अंडी तिथंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंगशिवाय लोखंडी कुलर लावू नका. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिनच काढा. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कुलरच्या शॉकनं माणसं जातात.

लाइट गेली तर? खिडक्यांना ओल्या तागाच्या पोत्यांचे पडदे, मानेवर आणि कपाळावर ओला दुपट्टा. चाळिशीच्या वरच्या तापमानात कोरड्या अंगावर नुसता पंखा म्हणजे गरम वारा, त्यानं अंग वाळतं. अंग ओलं करूनच पंख्याखाली पडा.

निशाचर

टिनपत्रा भाऊंच्या मुद्द्याला जोडून दोन इशारे, हे ठरावात नाही पण व्यवस्थापकाला तोंडपाठ हवेत.

उन्हातून आलेलं पोरगं सुस्त पडलं, अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध, हाक मारून नीट जागं होत नाही, तर ती झोप नाही. तो उष्माघात. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

दुसरं, रात्री सात-आठ तास झोपूनही कुणी रोज दुपारी ढेपाळत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. मुलींमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं, आणि पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या मुलानं उन्हात पाणी कमी पडू देता कामा नये, त्याच्या उशाशी बाटली हवीच. जोरात घोरत असेल, घोरता घोरता श्वास अडत असेल तर त्याचीही तपासणी करा.

भरती_२१

चहा पिऊन झोपलं की उठल्यावर जास्त तरतरी येते म्हणतात, खरं आहे का?

निशाचर

खरं आहे, पण आपल्या चहानं नाही. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात हॉर्न आणि रेनर यांनी नव्वदच्या दशकात पेंगुळलेल्या चालकांवर पाहिलं. १५० ते २०० मिलिग्रॅम कॅफिन घेऊन लगेच पंधरा मिनिटांची झोप घेतली तर दोन्हींपैकी एकच केल्यापेक्षा परिणाम चांगला होता. कॅफिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात झोप उरकते. टपरीच्या कट चहात तेवढं कॅफिन नसतं, साखर मात्र भरपूर. अर्धं कॅफिन शरीरातून जायला पाचेक तास लागतात, म्हणून प्रयोग करायचाच तर एकच्या सुमारास. चारनंतर घेतलेला चहा रात्री दहाला हिशेब मागतो.

संत्राबाग

गणितवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पॅरिसमध्ये लाको आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये आकड्यांची कोडी दिली, ज्यात एक लपलेला सोपा नियम होता. मधे वीस मिनिटं खुर्चीत रेलून डोळे मिटायचे, हातात एक वस्तू धरून. ज्यांना पहिल्या पायरीची झोप निदान पंधरा सेकंद लागली त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना तो नियम सापडला, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. दुसऱ्या पायरीत उतरलेल्यांचा फायदा गेला. एखादं गणित तासभर अडलं असेल तर खुर्चीत रेलून हातात किल्ली धरा, खाली जमिनीवर स्टीलचं ताट. डोळा लागला की बोटं सैल पडतात, किल्ली ताटात वाजते, त्याच क्षणी कागद ओढून मनात आलेलं लिहून काढा. हे घरी करायचं, हॉलमध्ये नाही.

कपाशी

समितीत पैशाची भाषा चालत असेल तर चेन्नईचा अभ्यास सांगा, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. डेटा एंट्रीचं काम करणारी ४५२ माणसं, रात्री जेमतेम साडेपाच तास झोपणारी. त्यांची रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढवली, कामात फरक पडला नाही. ती झोप गर्मी, आवाज आणि डासांनी तुटकी होती, हे त्याचं कारण असावं. कामाच्या जागी दुपारी अर्ध्या तासाची झोप दिली त्यांचं लक्ष, मन:स्थिती आणि तासाला होणारं काम सुधारलं. कामाचे एकूण तास मात्र घटले, तेही प्रामाणिकपणे सांगा.

अंगणवाडीवाल्या ताई हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक ओळ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २०१३ मध्ये तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांना चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ दिला. जी मुलं रोज दुपारी झोपतात त्यांची झोप त्या दिवशी चुकवली तर विसरणं जास्त झालं, आणि रात्री झोपूनही ते भरून निघालं नाही. या वयाला गजर लावू नका, आपणहून उठू द्या.

पांदणवाट

सगळ्यांचे आभार. फळ्यावर लावायचं हे लिहिलं, चुकलं तर सांगा.

"साडेबारा ते एक जेवण. एक ते एक वीस शतपावली, मग पाच मिनिटं कोऱ्या पानावर आठवण. एक पंचवीसला फोन फ्लाइट मोडवर घालून टोपलीत, सतरंजीवर डाव्या कुशीवर. एक पन्नासला घंटा. दोन पाचपर्यंत तोंड धुणं, एक ग्लास पाणी, व्हरांड्यात फिरणं. मग तेच पान. मुलींसाठी मागची खोली, आतून कडी. ज्यांना झोप लागत नाही त्यांनी डोळे मिटून शांत पडावं, बोलू नये. रात्री अर्ध्या तासात झोप न लागणाऱ्यांनी दुपारची झोप पंधरा दिवस बंद ठेवून पाहावी."

निशाचर

तीन दुरुस्त्या. ओलिताचे दीड तासवाले याच हॉलमध्ये नकोत. ते आधी झोपलेले असतील तर एक पन्नासची घंटा त्यांना नेमकी गाढ झोपेत गाठेल. त्यांना समाजमंदिरात पाठवा. कुलरचं पाणी पाऊणलाच भरून ठेवा, पिन काढून. आणि बारावीवाल्यांना ज्या दिवशी तीनचा पेपर असेल त्या दिवशी हे वेळापत्रक लागू नाही. साडेबारा ते पाऊण पंधरा मिनिटं झोप, तीही परीक्षेआधी पंधरा दिवस सवय केलेली असेल तरच.

पळसफूल

घंटा वाजवणारा जागा राहिला पाहिजे, हे कुठं लिहिलंच नाही. पाळ्या लावा, आणि त्याची झोप साडेबाराला करून द्या. मागच्या खोलीची घंटा मुलींपैकीच कुणी वाजवावी. दारावर थाप नको.